बाईसाहेबांचं शेपूट

खोली बघायला गेले तेव्हा मालकांनी माझं गाव, जात, लग्न यातलं काहीच विचारलं नाही. एवढंच विचारलं, "शिष्टर, झोप गाढ हाय का तुमची?"

मी म्हटलं, "का हो?"

"न्हाय, भिंतीपल्याड बाईसाहेब असतात. पहाटं त्यांचा जरा आवाज असतो."

मला वाटलं, म्हातारी आई असेल, खोकत असेल. नर्सला खोकल्याचं काय कौतुक. मी हो म्हटलं आणि पिशव्या आत टाकल्या. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता माझ्या उशाच्या भिंतीतून खर्र, खर्र, खर्र असा आवाज सुरू झाला आणि खिळ्यावरचं कॅलेंडर हलायला लागलं. मागचं दार उघडून बाहेर आले तर एक पांढरी घोडी माझ्या भिंतीला बूड लावून, डोळे अर्धे मिटून, मनापासून शेपूट घासत उभी. तिच्यासमोर मालक अंगात खाकी शर्ट आणि हातात वही घेऊन उभे होते. म्हणत होते, "बाईसाहेब, पुरं करा आता. शिष्टर उठल्या."

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. मूळची कोकणातली, पहिलीच नोकरी, नळदुर्गच्या सरकारी दवाखान्यात. आमच्या गावात गाई होत्या, बैल होते, घोडा मात्र शाळेच्या पुस्तकातच बघितलेला. आणि इथे घोडीच्या आणि माझ्या डोक्याच्या मध्ये नऊ इंचांची भिंत. पहिल्या आठवड्यात मी आईला फोन करून रडले. आई म्हणाली, "खोली बदल." मी बदलली नाही. का नाही बदलली, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं.

त्यांना सगळेजण मालकच म्हणत. कशाचे मालक, तर दोन खोल्यांचे आणि एका घोडीचे. आयुष्यभर एस. टी. चालवली आणि निवृत्त झाल्यावर सगळे लोक करतात तसं दुकान वगैरे न टाकता मालेगावच्या यात्रेतून ही घोडी आणली. बायको बऱ्याच वर्षांपूर्वी वारलेली. एकुलती एक मुलगी कळंबला मावशीकडे राहून शाळेत शिकवायची, महिन्यातून एकदा यायची. घोडी कशाला आणली असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "जलमभर ब्रेक म्याच मारले. आता सवता ब्रेक मारती अशी गाडी पायजे हुती."

माणूस रुंद. दारातून आत येताना उजेड अडायचा. ड्रायव्हरची नोकरी सुटली तरी ड्रायव्हर सुटला नव्हता. घोडीला बाहेर काढण्याआधी तिच्याभोवती एक फेरी मारून काठीने चारही खुरांवर टकटक करायचे, टायर तपासतात तसे. रविवारी दुपारी स्टँडवर जाऊन जुन्या ड्रायव्हरांबरोबर बसायचे आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीचं डोळे मिटून निदान करायचे. घरी अंगणात बसूनही हायवेवरून गेलेल्या गाडीचा आवाज ऐकून म्हणायचे, "ह्याचा मागचा पाटा गेलाय. उमरग्याच्या पुढं न्हाय जायची." पुढे काय झालं ते आम्हाला कधीच कळायचं नाही, त्यामुळे त्यांचा अंदाज कधी चुकलाही नाही.

सगळ्या गावाशी अरे-तुरे. सरपंचालाही 'काय रे' म्हणायचे. 'तुमी' म्हणायचे फक्त दोघींना, मला आणि घोडीला. मी दवाखान्यातली म्हणून आणि ती बाईसाहेब म्हणून. या मानाचा मला सुरुवातीला राग आला होता. नंतर तो मानच वाटायला लागला.

बाईसाहेब लग्नाच्या वरातीला जायच्या, पण अटींवर. डीजे असेल तर नाही. आणि नवरदेवाने आधी समोर येऊन, रिकामा तळहात पुढे करून उभं राहायचं. बाईसाहेबांनी हात हुंगला तर ठीक. त्यांनी तोंड फिरवलं तर मालकही तोंड फिरवायचे. तामलवाडीच्या एका नवरदेवाने अंगावर अत्तराची अख्खी बाटली ओतली होती. बाईसाहेब एकदा शिंकल्या आणि पाठमोऱ्या झाल्या. नवरदेवाचे मामा तापले, म्हणाले, "जनावराचं काय ऐकता, बसवा त्याला." मालक म्हणाले, "डबल बेल झाली न्हाय. गाडी हालणार न्हाय." तो नवरदेव शेवटी ट्रॅक्टरवर बसून गेला. पुढे त्याचा संसार चांगला झाला असं ऐकलं, तर मालक म्हणाले, "त्याचा हुईल. बाईसाहेबांचा झाला नसता."

आता त्या घासण्याचं. घासून घासून बाईसाहेबांच्या शेपटाचा वरचा भाग पार खरखरीत झाला होता, केस तुटून भांड्याच्या ब्रशासारखे उभे. गावात ज्याला त्याला उपाय माहीत होता. शेजारचे म्हणाले, भिंतीला बाभळीचे काटे लावा, एकदा टोचलं की विसरेल. कुणी म्हणालं, भिंतीला मिरचीचं पाणी मारा. कुणी म्हणालं नजर आहे, शेपटाला बिब्बा बांधा. बिब्बा त्यांनी बांधला, कारण त्याने कुणाला टोचत नव्हतं. बाकीच्यांना एकच उत्तर दिलं, "हॉर्न तोडल्यावर गाडी नीट व्हती का रे? आवाज म्हंजी गाडीचं बोलणं. आवाज बंद करायचा न्हाय, कुठनं येतो ते बघायचं."

आणि ते बघायचे. त्या वहीत रोज लिहायचे, कोणत्या वेळी घासलं, कोणत्या बाजूने, जोरात की हळू. वहीवर मोठ्या अक्षरात 'लॉगशीट' असं लिहिलं होतं. मी हसले की म्हणायचे, "हसा. तुमी पेशंटचा ताप लिवता तवा म्या हसतो का?"

दिवाळीनंतर जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी गोचीड बघितली, जंताचं औषध दिलं आणि जाताना म्हणाले, "एवढ्याने थांबलं नाही तर कास बघा. दोन सडांच्या मध्ये मळ धरतो. तिथे खाज सुटली की घोडीचं तोंड पोचत नाही, मग ती शेपूट घासते. लोक शेपटाला औषध लावत बसतात." एवढं बोलून ते स्वतः बघायला वाकले आणि बाईसाहेबांनी त्यांची बॅग लाथेने अंगणाच्या टोकाला पोचवली.

जंताच्या औषधाने काही झालं नाही. चार-आठ दिवसांनी मालक माझ्या दाराशी येऊन उभे राहिले. इकडे तिकडे बघत म्हणाले, "शिष्टर, जरा काम हुतं. गडीमाणसांना बाईसाहेब तिथं हात लावू देत न्हाईत."

"मालक, मी माणसांची नर्स आहे."

"बाईसाहेब बी बाईमाणूसच की."

मी कोमट पाणी घेतलं, कापूस घेतला, खोबरेल घेतलं. मालक तोंडापाशी उभे राहून तिच्याशी बोलत राहिले आणि मी आयुष्यात पहिल्यांदा घोडीच्या पोटाखाली गेले. तिची कातडी एकदा थरारली आणि मग ती मोठा श्वास सोडून शांत झाली. सडांच्या मधून काळा, वाळलेला मळ निघाला, चिंचोक्याएवढा. मालकांनी तो हातावर घेऊन बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "एवढ्याशा दगडानं एवढी मोठी गाडी बेजार." त्या दिवसापासून घासणं थांबलं.

आणि खरं सांगते, मला करमेना. पहाटे जाग यायची आणि भिंत गप्प. त्या परक्या गावात रोज उठल्या उठल्या कुणीतरी माझ्या उशाशी आहे, हे मला त्या आवाजाने कळायचं. तो बंद करायला मीच मदत केली होती. मग मी ड्यूटीवर जाण्याआधी अंगणात जाऊन तिच्या मानेवर हात ठेवायला लागले. ती हुंगायची. तिने माझ्यापासून कधी तोंड फिरवलं नाही.

संक्रांतीच्या सुमारास मालकांच्या मुलीचं लग्न ठरलं, वैशाखातलं. घोडी घरात आल्यापासून मुलगी म्हणत होती की माझ्या लग्नात मी बाईसाहेबांवर बसणार, आणि मालकांनी शब्द दिला होता. त्या भागात नवरदेवाला मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत मिरवत आणतात, तशी या लग्नात नवरी जाणार होती, पुढे लगाम धरून तिचा बाप. सोयऱ्यांनी खळखळ केली, पण मालक हटले नाहीत. त्यांना एकच चिंता होती. म्हणायचे, "तोंड काय, पुढच्या चार माणसांना दिसतं. सगळं गाव मागनं चालतं, त्याला दिसतं शेपूट." वैशाखापर्यंत शेपूट भरून यायला हवं होतं. त्यासाठी ते रोज तेल लावायचे, हाताने विंचरायचे. केस यायला लागलेही होते.

आता माझा पराक्रम ऐका.

बाईसाहेबांचं शेपूट मुळात पांढरं, पण खाली बसून उठून पिवळं पडलेलं. मला वाटलं, लग्नात ते कसं शुभ्र दिसायला हवं. रविवारी माझी सुट्टी. माझे पांढरे युनिफॉर्म मी पावडरमध्ये भिजवायची, नीळ घालायची. उन्हाळा लागलेला, नळाला आठवड्याने पाणी. युनिफॉर्म काढल्यावर बादलीत निळसर, फेसाळ पाणी उरायचं. ते टाकून द्यायला जीव होईना, इथे आल्यापासून मीही पाण्याला जपायला शिकले होते. मालक स्टँडवर गेले की मी त्या पाण्याने बाईसाहेबांचं शेपूट चोळून चोळून धुवायची. खंगाळायला पाणी कुठलं. एक तांब्या वरून ओतायचा, झालं. ती डोळे मिटून उभी राहायची. मला गाणं सुचायचं. लग्नाच्या दिवशी मालकांना चकित करायचं ठरवलं होतं, म्हणून बोलले नाही.

आणि घासणं परत सुरू झालं. माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मला बरं वाटलं. पहाटे भिंतीतून खर्र खर्र ऐकू आलं आणि मी कूस बदलून हसले.

मालक मात्र खचले. पुन्हा कास बघितली, स्वच्छ. पुन्हा औषध दिलं. आलेले केस तुटून पुन्हा ब्रश झाला. होळीनंतर एका संध्याकाळी ते वही घेऊन अंगणात बसले, पानं मागे पुढे केली आणि मला हाक मारली.

"शिष्टर, हे बगा. सोमवारी जोरात. मंगळवारी जोरात. शनिवारपस्तोर कमी. परत सोमवारी जोरात. इतवारी काय असतं?"

माझी नजर कट्ट्यावरच्या बादलीकडे गेली. त्यांनी उठून तांब्यातल्या पाण्यात हात बुडवला आणि शेपटाच्या मुळाशी चोळला. त्यांच्या बोटांवर फेस आला. थोडा निळा.

"फेस येतुया," ते म्हणाले. "तुमी इतवारी कापडं भिजवता न्हव?"

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. त्या माणसाने मला कधी आवाज चढवून हाक मारली नव्हती, तो ओरडलाही नसता. पण माझ्या तोंडून निघालं, "हो, बादली कट्ट्यावर असते. घोडीचं शेपूट बुडालं असेल तिच्यात."

मालकांनी कट्ट्याकडे बघितलं, घोडीकडे बघितलं. मग म्हणाले, "असंल. बाईसाहेबांना पांढऱ्या कापडाची हौस हायच." आणि वही मिटली.

पुढच्या रविवारी स्टँडवर जाण्याआधी त्यांनी माझ्या दारापाशी दोन भरलेल्या बादल्या आणून ठेवल्या. स्वच्छ पाणी, तेही उन्हाळ्यातलं. म्हणाले, "बाईसाहेबांनी परत शेपूट बुडवलं तर खंगाळायला असू द्या." मी दार लावून घेतलं आणि रडले. मग बाहेर जाऊन दोन्ही बादल्या शेपटावर ओतल्या, शेवटच्या थेंबापर्यंत. त्यानंतर कधी पावडरचं पाणी लावलं नाही. घासणं थांबलं. पण लग्नाला महिनाच उरला होता आणि केस काही महिन्यात येत नाहीत.

मुलगी आली तेव्हा तिने शेपूट हातात धरून बघितलं. मग म्हणाली, "अप्पा, गंगावन लावू या का? माझ्याकडं एक हाय."

मालक म्हणाले, "खोटं केस लावून वरातीत न्यायला त्या काय नाटकातल्या हायत? हाय ते हाय."

लग्नाच्या सकाळी मारुतीच्या देवळापाशी हलगी वाजायला लागली. मुलगी हिरव्या शालूत बाईसाहेबांवर बसली. मालक पांढरा नेहरू शर्ट आणि फेटा घालून आले, चारही खुरांवर टकटक केलं, आणि लगाम माझ्या हातात दिला.

"तुमी धरा, शिष्टर. बाईसाहेब तुमचं ऐकतात. म्या मागं थांबतो."

"मालक, बाप तुम्ही आहात. तुम्ही पुढे चाला. मी मागे राहते, शेपटापाशी."

त्यांनी मला खालीवर बघितलं आणि म्हणाले, "तुमी बारीक हायत. तुमच्यानं झाकायचं न्हाय."

आणि ते घोडीच्या मागे जाऊन उभे राहिले, रुंद, दोन्ही हात पाठीशी बांधून. देवळापासून मांडवापर्यंत, पोरीला दिलेला शब्द पाळत, पण पोरीचं तोंड न बघता, घोडीच्या शेपटाला चिकटून चालले. ज्या बापाने लगाम धरायचा तो माझ्या एका बादलीमुळे मागे होता, आणि लगाम माझ्या हातात. तो किती जड लागला ते मी कुणाला सांगू. मुलगी सारखी मागे वळून बघत होती. एकदा मालकांचा आवाज आला, "पुढं बघ गं. मागचं बघायला मी हाय." त्यांचे डोळे भरले होते की नाही ते मलाही दिसलं नाही. पुढे चालणाऱ्याला मागचं कुठे दिसतं. शेपूट मात्र गावात कुणालाच दिसलं नाही.

त्यानंतर दोन वर्षं मी त्या खोलीत होते. रोज ठरवायची, आज सांगू. चहा घेऊन अंगणात जायची आणि भलतंच बोलून परत यायची. शेपूट भरून आलं, लांब, गुडघ्याच्या खाली. मालक ते विंचरताना म्हणायचे, "आता बघा शिष्टर, आता कुणाच्या बी वरातीला जावं." मला ते 'कुणाच्या बी' फार लागायचं.

आता मी परत कोकणात आहे. इथे पाण्याला तोटा नाही. पांढरे कपडे मी तीनदा खंगाळते आणि घरातले हसतात. बाईसाहेब आधी गेल्या, मालक त्यांच्यानंतर वर्षभराने. मुलीचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, खोलीच्या मागच्या भिंतीचा गिलावा त्यांनी कधी करू दिला नाही, तिथे अजून गुळगुळीत चट्टा आहे. मला जायला जमलं नाही, आणि आता जाऊन करू काय. पण पहाटे जाग येते. भिंतीकडे तोंड करून पडते. ऐकू येण्यासारखं काही नसतं, तरी थोडा वेळ ऐकते.

बदली झाली तेव्हा मालक मला सोडायला स्टँडवर आले होते. माझी पिशवी त्यांनी स्वतः वर ठेवली. मला खिडकीपाशी, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसवलं, म्हणाले, इथं धक्के कमी लागतात. मग खाली उतरून खिडकीशी उभे राहिले. मी सगळं धैर्य गोळा केलं. म्हटलं, "मालक, एक सांगायचं राहिलंय. लग्नाच्या आधी, ते शेपूट..."

त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि कान देऊन इंजिनचा आवाज ऐकायला लागले. कंडक्टर मागून चढला, दार ओढलं. त्याने दोरीला हात घातला तेव्हा मालक खिडकीच्या गजाला धरून हळूच म्हणाले, "शिष्टर, बादली कट्ट्यावर हुती. घोडीचं शेपूट खाली लोंबतं. एवढं तर म्हाईत हुतं मला. मायेनं धुतलं तुमी. मनात ठिवू नगा."

टण टण, डबल बेल झाली आणि गाडी हलली. जन्मभर गाडी चालवलेला माणूस तो, कोणत्या क्षणाला गाडी सुटते ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. मला उत्तर द्यावं लागू नये, इतकाच वेळ त्यांनी शिल्लक ठेवला होता. मी खिडकीतून डोकं बाहेर काढून मागे बघायला लागले, तर धुळीत उभे राहून ते मला हाताने खुणावत होते, पुढं बघा, पुढं.